छत्रीच्या कापडाचा संकासुर

माळ्यावरून कर्णा खाली काढला तेव्हा त्याच्या घशात कुंभारणीचं घर होतं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. ओली माती तोंडात धरून आणते आणि भिंतीला, फोटोच्या मागे, जागा मिळेल तिथे मडकी थापते. ज्या नरड्यातून मी एके काळी अख्ख्या रत्नागिरीला ओरडून ओरडून हैराण केलं, त्यात आता कुणीतरी निवांतपणे बाळंतपणं उरकली होती. कर्ण्याचा इतका सदुपयोग माझ्या हातून कधी झाला नव्हता.

करवंटीच्या तुकड्याने माती खरवडली. आधी मातीचा वास आला, मग गंजाचा, आणि मग, शपथेवर सांगतो, सुक्या बोंबलाचा. बायकोला हाक मारली. तिने कर्ण्यात नाक घातलं आणि म्हणाली, "खालच्या वहिनी बोंबील भाजतायत. कर्ण्यात काही नाही. तुमच्या डोक्यात आहे."

असेल. डोक्यात तर डोक्यात. त्या वासाबरोबर आणखी काय काय तिथे पडून आहे, ते तिला कुठे माहीत!

हा सगळा खटाटोप हर्ण्याहून फोन आला म्हणून. पलीकडून एका मुलीचा आवाज, मागे समुद्राची घरघर. "अलौन्सर आजोबा काय? मी गोंद्याआजोबांची नात. रविवारी आमच्याकडं पोरींच्या कुस्त्या हायत. आजोबा म्हणतायत, कर्णा घेऊन या."

"अगं बाळ, आता केवढाले स्पीकर मिळतात," मी म्हटलं.

"ते हायत आमच्याकडं. पण आजोबा म्हणतायत, कर्णा पायजे. तुमाला जमत नसंल तर नुसता कर्णा पाठवलात तरी चालंल."

गोंद्या अजिबात बदललेला नाही.

*

ती ऐंशीच्या दशकातली वर्षं. मी विशीतला होतो आणि कॉलेजने मला, किंवा मी कॉलेजला, सोडून दिलं होतं. मामाचं लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. मी तिथे बसत असे, म्हणजे मला कुठेतरी बसवायचं म्हणून तिथे बसवलं होतं. एका सत्यनारायणाला मी अंधारात चुकून लावणीची तबकडी लावली आणि भटजींनी नेमका त्याच वेळी शंख फुंकला. दोन्ही सुरात जमलं होतं, हे माझं मत आजही कायम आहे. मामाने मात्र कर्णा, यंत्र आणि मी असा सगळा संच उचलला आणि दादूच्या हवाली केला. "याला ओरडायची आवड आहे," मामा म्हणाला, "याला देवाधर्मापासून लांब ठेव."

दादू मुंबईहून परतलेला गिरणी कामगार. गिरण्या थंडावल्या तशी आमच्याकडची कितीतरी माणसं ट्रंका घेऊन घरी आली, आणि त्या ट्रंकांमधून कुणी काय काय आणलं. कुणी हार्मोनियम आणली, कुणी खोकला आणला. दादूने फ्रीस्टाईल कुस्ती आणली. मुंबईत तो संध्याकाळी फ्रीस्टाईलच्या आखाड्यात उतरायचा आणि हरायचा. हरणं हेच त्याचं काम. असा पडायचा की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे मिटून घेत. "जिंकायला काय अक्कल लागते?" तो म्हणायचा. "पडायला लागते. पडणारा नीट पडला तर समोरचा इस्टार होतो."

इस्टार बनवायचे, हे त्याचं स्वप्न. कंपनीचं नाव 'रत्नदीप फ्रीस्टाईल मंडळ'. आणि त्याच हंगामात, दिवाळी सरते न सरते तोच, घाटावरून त्याचा जुना भागीदार अण्णा तंबू घेऊन उतरला. 'सिंहगर्जना कंपनी'. मांडवीच्या किनाऱ्याजवळ त्याचा रंगीत तंबू, झिरमिळ्या, चाबकासारख्या मिशांचा सिंहराज नावाचा धिप्पाड नायक. दादू आणि अण्णा का फुटले होते, कोण जाणे. दोघंही कारण सांगायचे. दोन्ही कारणं वेगळी आणि दोन्ही खोटी वाटायची. एवढं खरं, की एका गावात दोन फ्रीस्टाईल कंपन्या जगणार नव्हत्या. कुणीतरी एकाने तंबू गुंडाळायचा, हे दोघांनाही कळत होतं.

आमच्या आखाड्याची जागा मी शोधली. गावाबाहेरचा कातळ. सपाट, मोकळा, हवा तेवढा, कुणी विचारणारं नाही. मला वाटलं, दादू पाठ थोपटेल. तो कातळावर उभा राहिला, पहारीने एक घाव घातला. ठिणगी उडाली. जांभ्याचा तो सलग दगड.

"खांब कुठं पुरायचे?" दादूने विचारलं.

मी म्हटलं, "पुरायलाच हवेत का?"

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या वाट्याला पुढेही वेळोवेळी आली. शेवटी तेलाची रिकामी पिंपं आणली, त्यांत वाळू भरून वासे उभे केले, वाशांना होडीचे दोर बांधले. खाली भाताचा पेंढा अंथरला आणि त्यावर एक जुनं शीड ताणलं. ते शीड गोंद्याने आणलं होतं. कुठून, ते विचारायचं नाही असं ठरलं. त्या शिडावर आदल्या हंगामात बोंबील वाळवलेले. जो त्यावर आपटला तो बोंबलाचा वास घेऊनच उठला. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून आमचा नायक गर्जना करायचा आणि पुढच्या रांगेत बसलेली मांजरं त्याच्याकडे आशेने बघायची.

*

गोंद्या हर्ण्याचा. वल्ह्याने आणि जाळ्यांनी घडवलेले खांदे, मान जवळजवळ नाहीच, आणि एवढ्या देहात मावेल त्याहून जास्त लाज. माणसं बघितली की खाली बघायचा. घरी सांगून आला होता, रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात लागलो.

"खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आयला कळलं मी मार खायाच्या कामाला लागलोय, तर ती येऊन खरोखरीचा मारंल."

त्याचा इस्टार करायचा, असं दादूने ठरवलं आणि ते काम माझ्या नरड्यावर सोपवलं. मी रिक्षावर कर्णा बांधला आणि गोंद्याला काश्मीरचा केला. 'काश्मीरचा बर्फाळ वाघ, आज संध्याकाळी, उन्हं कलल्यावर!' रिक्षात शेजारी तो स्वतः, डोक्याला मामीच्या शालीचा फेटा. मासळी बाजारापाशी रिक्षा अडली आणि एक कोळीण टोपली खाली ठेवून आत डोकावली.

"अगो, ह्यो कसला काश्मीरचा!" ती कर्ण्यापेक्षा मोठ्याने म्हणाली. "काल माज्याकडं तारल्यांचा भाव करत व्हता, आनि तो पन हर्ण्याच्या बोलीत! काय रे, वाघा? तुज्या काश्मीरात तारल्या कशा दिल्यान?"

सगळा बाजार हसला. गोंद्या फेट्यात घुसला. त्या संध्याकाळी तो आखाड्यात येताच पोरं ओरडली, "तारली आली, तारली!" मी लगेच पुढच्या आठवड्यात त्याला नेपाळचा करून पाहिला. दादू म्हणाला, "तू भूगोल सोड. त्याचं तोंडच झाक."

तोंड झाकायचं तर कसं? आणि इथे माझ्या डोक्यात तो विचार आला. आमच्या शिमग्यात संकासुर येतो. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात पिळलेल्या कापडाचा फटका. लहानपणी त्याची घुंगरं नुसती वळणावर वाजली तरी मी माजघरात भाताच्या कणगीमागे दडत असे. मला वाटलं, ज्याला पाहून पोरं दडतात, त्याच्यापेक्षा चांगला खलनायक कुठे मिळणार? लोक शिव्या घालतील, चपला फेकतील, आमच्या नायकाने त्याला बदडलं की टाळ्यांनी कातळ फुटेल. शिमग्याला अजून अवकाश होता. सोंग अवेळी काढायचं नसतं, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण मला ऐकून बरंच काही ठाऊक असे.

शिंप्याने जुन्या छत्र्या उसवल्या आणि त्या काळ्या कापडाचा झगा, टोपी, मुखवटा शिवला. सावरीच्या कापसाची दाढी. बैलाच्या गळ्यातली घुंगरं. त्या मुखवट्याला गेल्या पावसाचा वास होता: कुबट, ओल्या सुताचा, शाळेच्या व्हरांड्यात उघडून ठेवलेल्या छत्र्यांच्या रांगेचा. गोंद्याने तो डोक्यावरून घातला आणि आतून म्हणाला, "हितं बरं हाय."

*

त्या दिवसाचं ऊन मला अजून दिसतं. काजूला मोहोर होता. दूर कुठेतरी भाजावळ पेटलेली, शेतात पालापाचोळा जाळल्याचा निळा धूर कातळावरून सरकत होता. वाळलेलं गवत सोन्यासारखं. मी कर्ण्यातून जगातला सगळा द्वेष ओतला: "आला रे आला! पाताळातला काळ! लहान मुलांना सांभाळा!"

घुंगरं वाजली.  एकही चप्पल आली नाही.

मग पहिल्या रांगेतून एक बाई उठली. कडेवर किरकिरणारं तान्हं. ती सरळ दोराखालून आत आली, बाळाला त्या बोंबलाच्या शिडावर गोंद्याच्या पायाशी ठेवलं आणि हात जोडून उभी राहिली.

दादू खांबामागून फुसफुसला, "शिव्या दे! शिव्या दे, मेल्या!"

मुखवट्यातून आवाज आला, "कुनाला? पोराला?"

गोंद्या वाकला. फटक्याचं टोक त्याने बाळाला अलगद लावलं. बाळ गप्प झालं. आई उठली, तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी. नारळ आले. आमचा नायक, कॉलेजच्या व्यायामशाळेतला देखणा पोरगा, कोपऱ्यात दंड फुगवून ताटकळत राहिला. शेवटी त्याने येऊन संकासुराच्या कानाखाली वाजवली, तर लोकांनी त्यालाच अशी बोंब मारली की तो दोरावरून उतरून पळाला. दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला आला. "आत्या चहा देईना," तो म्हणाला. "म्हणते, आधी त्याच्या पाया पडून ये."

मी अर्धंच आठवलं होतं. पोरं संकासुराला भितात, खरंय. पण त्याच पोरांना आई त्याच्या पायावर घालते, म्हणजे वर्षभर भीती जाते. कणगीमागून मला ओढून काढून माझ्या आईनेही तेच केलं असणार. मी डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या आठवड्यात कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मालगुंडाहून, पावसहून माणसं येऊ लागली. मांडवीच्या तंबूत सिंहराज रिकाम्या खुर्च्यांसमोर आरोळ्या देत होता. दादूचा इस्टार झाला होता. आपण नेमकं काय केलं ते न कळता यश मिळणं ही माझी खासियत. पुढे आयुष्यात ती टिकली नाही, एवढंच.

मग तात्या गावकर आले. गावचे मानकरी, सुकलेल्या आमसुलासारखा चेहरा, हातात काठी. कातळावर टेकले आणि विचारलं, "कर्नेवाला कोन?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दादूनेसुद्धा.

"शिमग्याआदी सोंग बाहेर काढलंस. देवाला इचारलंस?"

"नाही."

"मला... गावाला इचारलंस?"

"नाही, तात्या."

"मंग आता एक आयक. काढलंस तर काढलंस. पन संकासुर हरतो तो देवाच्या हातनं. मानसाच्या हातनं नाय. आनि सोंगाच्या तोंडाला दुसऱ्यानं हात लावायचा नाय. लावलान, तर मी हाय आनि तू हायस."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी कधी कमी पडलो नाही.

*

लोक घरी निघाले की गोंद्या मुखवटा काढून त्यांच्यातून चालत जायचा. त्याला ते आवडायचं. चणेवाल्यापाशी उभा राहून तो ऐकायचा: काय तो संकासुर, काय ते खांदे! एकदा तो परत आला तो तोंड उतरवून.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"एक मानूस सांगत व्हता दुसऱ्याला, संकासुरासारका गडी कोकणात नाय. आनि मना म्हनाला, सरक रे बाजूला, वाटंत काय उभा ऱ्हातोस." गोंद्या हसला, पण हसू तोंडावर टिकलं नाही. "माजं तोंड कुनाला म्हाईतच नाय, अलौन्सर. ह्या छत्रीत उद्या दुसरा कुनीपन घातलास, तरी लोक पाया पडतील."

नेमकं हेच अण्णाने हेरलं. तो एका दुपारी कातळावर आला. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया. दादूला न बघता गोंद्याला म्हणाला, "हे बघ गड्या, तोंड नसलेला पैलवान म्हंजे भाड्याची शेरवानी. एक जंगी कुस्ती लावू. आमचा सिंहराज तुझा बुरखा ओढंल. लोकं तोंड बघतील, नाव ऐकतील. आन मग तू माझ्यासंगं घाटावर चल. तिकडं भिंती-भिंतीवर तुझा फोटू लावतो."

"आनि आमची कंपनी?" दादूने विचारलं.

"बुरखा पडला तर तुझा आखाडा उठला. नाय पडला तर माझा तंबू उठला. दोन म्यान एकाच तलवारीवर किती दिस भांडायची, दादू?"

मी दादूकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा पिंप उचलून घालतो. तो बराच वेळ दोरांवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "गोंद्या, तुला काय पायजे?"

गोंद्या खाली बघत म्हणाला, "तोंड."

"मंग बुरखा पडंल," दादू म्हणाला. "मी पडायला शिकवीन तुला. नीट पडलास की नाव लोकांच्या ध्यानात ऱ्हाईल."

मी मध्येच म्हटलं, "पण तात्या गावकरांनी..." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. पुढचे दिवस दादू त्याला पडायला शिकवत होता. आपलीच कंपनी बुडवायची तालीम तो इतक्या मायेने घेत होता की मला कर्णा पुसायचं निमित्त करून लांब जावं लागे. आंब्यांचा मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. शिडाचा वास उन्हाने अधिकच पिकला होता.

*

जंगी कुस्तीला कातळ काळा झाला माणसांनी. अण्णाची माणसं एका बाजूला, आमची तिन्ही बाजूंना. तात्या गावकर सगळ्यांत पुढे, काठीवर हनुवटी टेकून. मी घोषणा सुरू केली तेवढ्यात एक उंच म्हातारी गर्दी कापत आली. नऊवारी कासोटा, हातात नारळ. दोरापाशी उभी राहून तिने संकासुराला वर बघायला लावलं.

"बाबा," ती म्हणाली, "हर्ण्याहून आलंय. माजा पोरगा हितं बर्फाच्या कारखान्यात हाय. घरी येत नाय, कायपन सांगत नाय. त्याचं बरं कर. नवस बोलतंय तुला."

मी माइक हातात धरून होतो, म्हणून तिचं बोलणं कर्ण्यातून सगळ्या कातळाने ऐकलं.  घुंगरं वाजली, कुणी न नाचता. गोंद्याने फटका तिच्या खांद्याला लावला आणि तो हात तिथेच राहिला. मग सिंहराजाने आरोळी ठोकली आणि कुस्ती लागली.

काय कुस्ती होती! ठरवलेली होती, हे मला ठाऊक असूनही मी खराखुरा ओरडत होतो. सिंहराज आपटायचा, गोंद्या दादूने शिकवला तसा पडायचा, शिडातून पेंढ्याची धूळ उडायची. शेवटी सिंहराज त्याच्या छातीवर बसला आणि त्याने मुखवट्याच्या टोकाला हात घातला.

"हात काढ!"

ती म्हातारी. दोर दोन्ही हातांनी धरून. "सोंगाला हात लावतोस? हात काढ, शिंदळीच्या!"

आणि सगळा कातळ उठला. पिंपं हलली, वासे कलले. माणसं दोरापर्यंत आली. सिंहराजाने इतकी मोठी गर्दी हंगामात पहिल्यांदाच पाहिली होती, आणि ती त्याच्यावरच चालून येत होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ओ भाऊ, काय करू? ओढू का सोडू?"

मी, ज्याला बोलण्याचं काम होतं, माइक हातात घेऊन दोघांवर नुसता वाकलेला. हात सुटला तर गोंद्या पुन्हा कायमचा छत्रीत. हात ओढला तर आम्ही सगळे बोंबलासारखे वाळत घातले जाणार. तेव्हा खालून गोंद्याचा आवाज आला, रडवेला, फक्त मला आणि माइकला ऐकू येईलसा: "मना काढायचंय. आय हाय समोर. मना काढायचंय."

माइकला ऐकू गेलं म्हणजे कर्ण्यालाही गेलं. दोराला भिडलेली माणसं जागीच थांबली.

तात्या गावकर काठी टेकत उठले. दोराखालून आत आले. सिंहराजाला म्हणाले, "तू उठ." तो उठला. मग माझ्या हातातला माइक त्यांनी स्वतःच्या तोंडाशी ओढला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या कर्नेवाल्या पोरानं तुला न इचारता तुजं सोंग बाहेर काढलान..."

"व्हय म्हाराजा!" सगळा कातळ.

"त्याला अक्कल नाय..."

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात.

"चुकी झाली ती पोटात घाल. सोंग तुजं हाय, ते तुज्याकडं परत घे. पन सोंगामागं कुनाच्यातरी घरचा पोरगा हाय. त्याचं तोंड त्याला परत दे. आनि ते त्याच्याच हातानं निघू दे."

"व्हय म्हाराजा!"

गोंद्या गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी त्याने मुखवटा वर केला. सावरीचा कापूस वाऱ्यावर सुटला. घामाने भिजलेलं, लाल, लाजलेलं तोंड. आता माझं काम. सबंध हंगाम ज्यासाठी ओरडलो ते एक वाक्य. मी माइक तोंडाशी धरला.

"आणि हा आहे... सागराचा... वादळाचा... हा आहे..."

मला त्याचं नाव माहीत नव्हतं. गोंद्या, एवढंच. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. त्याला काश्मीरचा केला, नेपाळचा केला, पाताळातला केला. नाव कधी विचारलंच नाही. कर्णा नुसता घरघरत राहिला. मी माइक त्याच्यापुढे धरला.

जो माणूस माणसं बघितली की खाली बघायचा, तो वर बघून म्हणाला, "गोविंद रामा पाटील. राहनार हर्णे."

 मग म्हातारीचा आवाज: "गोंद्या? मेल्या, तू बर्फाच्या कारखान्यात व्हतास ना?"

हसण्याचा तो लोंढा! माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. गोंद्याच्या नावाने अशी आरोळी उठली की मला वाटलं, माझं ते 'टाळ्यांनी कातळ फुटेल' आज खरं होतंय. म्हातारी दोराखालून आत आली. "नारळ सोंगाला आनलेला," ती म्हणाली, "तुला नाय." आणि तिथेच, त्या जांभ्यावर, तिने तो फोडला. पहिली भकल त्याच्या तोंडात कोंबली. दुसरी सिंहराजाला दिली. तो चघळत म्हणाला, "लई ग्वाड हाय की, मावशी."

दादू खांबाला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. अण्णा त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. "बुरखा पडला म्हनायचा का नाय?" त्याने विचारलं.

"कुनी पाडला नाय," दादू म्हणाला. "पन पडलाय."

"मंग कोन उठायचं?"

 मग, कशावरून देव जाणे, दोघं एकाच वेळी हसायला लागले.

*

कुणीच उठलं नाही. उरलेला हंगाम दोन्ही कंपन्यांनी एकाच शिडावर काढला, आणि घाटावरचे पैलवानसुद्धा बोंबलाचा वास घेऊन परत गेले. पुढे गोविंद रामा पाटील या नावाने घाटावरच्या भिंती काही वर्षं रंगल्या. दादू त्याच्याबरोबर गेला, आयुष्यभर पडत राहिला आणि पाडलेल्यांना उचलत राहिला. मग व्हिडिओ आले, फ्रीस्टाईल परदेशी झाली. कातळावर आता कंपाउंड आहे. पण श्रावणात त्या कंपाउंडाच्या फटींतून पूर्वीसारखीच निळी फुलं येतात. दगडाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. छत्रीचा मुखवटा तात्यांनी त्याच दिवशी नेऊन देवळात ठेवला. त्याचं पुढे काय झालं, विचारायची माझी छाती नाही.

रविवारी कर्णा मांडीवर घेऊन मी एस.टी.ने हर्ण्याला गेलो. वाटेत जुनी खोड जागी झाली. मुलींसाठी मी पदव्या जुळवत होतो: हर्ण्याची वाघीण, दाभोळची वीज. किनाऱ्यावर वाळूचा आखाडा होता, कडेला उपड्या होडीवर गोविंद रामा पाटील. मान तेव्हाही नव्हती, आताही नाही. शेजारी वाळत घातलेले बोंबील. वास डोक्यात नव्हता तर! बायकोला फोन करायचं ठरवलं.

"आलास, अलौन्सर?" तो म्हणाला. "कर्णा बरा दिसतोय. तू नाय."

संध्याकाळच्या होड्या लिलावासाठी परतत होत्या. पहिल्या कुस्तीला त्याची नात उतरली, हडकुळी, कपाळावर वाळू. मी माइक तोंडाशी नेला. वाघीण जिभेवर आली होती. मी तो माइक तिच्यापुढे धरला.

"नाव सांग, बाळ."

"तन्वी."

"सगळं सांग."

तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने मोठा श्वास घेतला आणि बापासकट, आडनावासकट, गावासकट नाव सांगितलं. जुन्या कर्ण्याने ते घशात थोडं खरवडून समुद्रावर सोडून दिलं. दूर, परतणाऱ्या एका होडीवर, जाळं आवरणाऱ्या कुणीतरी त्यात आपलं नाव ऐकलं, हातातलं काम टाकलं आणि उभं राहून दोन्ही हात वर केले.